बोटाएवढी कामटी

गादीखाली चादर खोचताना मधले बोट अडकते, कट्‌ असा बारीक आवाज येतो आणि बोटाचे टोक खाली मान टाकते. फारसे दुखतही नाही. स्लिपमध्ये झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर आदळला तरी हेच होते. अमेरिकेत तर या दुखण्याला बेसबॉलचेच नाव पडले आहे. बोट सरळ उचलणाऱ्या स्नायूची दोरी शेवटच्या पेऱ्याशी फार पातळ झालेली असते, ती तुटलेली असते. एखाद मिलिमीटरची तूट पडली तरी टोक लोंबू लागते. शस्त्रक्रिया बहुतेकदा लागत नाही. शेवटचा सांधा ताठ धरून ठेवणारी, बोटाच्या मापाची एक छोटी पट्टी सहा ते आठ आठवडे रात्रंदिवस लावून ठेवायची, एवढाच उपचार. मात्र पाचव्या आठवड्यात हात धुताना पट्टी निघाली आणि टोक एकदा वाकले, की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

ही पट्टी, म्हणजे डॉक्टर जिला स्प्लिंट म्हणतात ती, औषधांच्या दुकानात तयार मिळते. ॲल्युमिनियमची लवचीक फीत आणि तिला आतून चिकटवलेला स्पंज. तरीही ज्याचे बोट मोडले आहे त्याच्या घरात पहिल्या दिवशी जे हाताला लागेल तेच वापरले जाते: कुल्फीची काडी, तुटलेली फूटपट्टी, नाहीतर शेजारचे शाबूत बोट. त्यात नवे काही नाही. बोटाची स्प्लिंट हजारो वर्षे अशीच, समोरच्या एका हाताचे माप घेऊन, आसपास मिळेल त्या सामानातून होत आली आहे. सामान बदलत गेले. किती घट्ट बांधायचे, किती दिवस ठेवायचे आणि कोणत्या कोनात, हे तीन प्रश्न मात्र तेच राहिले.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांचा आहे. हाड बांधायला कोणत्या झाडांच्या साली घ्याव्यात याची तिथे यादीच आहे: मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वेळू, सर्ज आणि वड. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला यांतली बहुतेक झाडे शोधायला गावाबाहेर फार लांब जावे लागत नाही. सालीचा तुकडा ओला असताना अवयवाचा आकार घेतो आणि वाळला की तो धरून ठेवतो. आधी मंजिष्ठ, ज्येष्ठमध, रक्तचंदन आणि तांदळाचे पीठ शंभर वेळा धुतलेल्या तुपात कालवून लेप द्यायचा, मग कापड, मग साल.

बोटासाठी सुश्रुताने वेगळी सूचना दिली आहे. मोडलेले किंवा सांध्यातून सुटलेले बोट सरळ जागेवर आणावे, बारीक पट्टीने गुंडाळावे आणि वर तूप शिंपडावे. मांडीच्या हाडासाठी रुग्णाला फळीवर झोपवून खुंट्या ठोकायला सांगणारा हाच ग्रंथकार बोटाला एवढ्या थोडक्यात सोडतो. बोट लहान म्हणून त्याला हलके काढले, असे वाटणे साहजिक आहे. पण बोटाला जाड बंधन नको, हे त्याने ओळखले असेल, असेही म्हणता येईल. बंध किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधायचा, तेही ऋतूवर ठरवले आहे: थंडीत सातव्या दिवशी, समशीतोष्ण काळात पाचव्या, उन्हाळ्यात तिसऱ्या. हाड जुळायला तरुणाला एक महिना, मध्यम वयाला दोन, म्हाताऱ्याला तीन. आणि या अध्यायातले सर्वांत मोलाचे वाक्य घट्टपणाविषयी आहे. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही. फार आवळला तर सूज येते, ठणका लागतो आणि कातडी पिकते.

इजिप्तमध्ये यापेक्षाही जुना पुरावा मिळाला आहे, आणि तो प्रत्यक्ष वस्तूंचा. नागा-एद-देर इथल्या पाचव्या राजवंशाच्या काळातल्या थडग्यांत दोन मोडलेले अवयव स्प्लिंटसकट सापडले. शरीररचनातज्ज्ञ ग्रॅफ्टन इलियट स्मिथ यांनी 1908 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांची माहिती दिली. एक मांडी होती, सुमारे चौदा वर्षांच्या मुलीची. तिच्याभोवती कापडात गुंडाळलेल्या चार लाकडी पट्ट्या होत्या. दुसरा कोपराखालचा हात होता, त्याला सालीच्या पट्ट्या लावलेल्या होत्या आणि जखमेवर दाबलेल्या वनस्पतीच्या धाग्यांवर रक्ताचे डाग साडेचार हजार वर्षे टिकून होते. दोन्ही हाडे जुळलेली नव्हती. बांधणाऱ्याने आपले काम केले, पण रुग्ण वाचला नाही.

आपल्याकडे हे काम हाडवैद्यांच्या घराण्यांत आणि तालमींत राहिले. कुस्तीच्या आखाड्यात बोटे, मनगटे, खांदे रोजच निखळत. त्यामुळे वस्तादाला मातीइतकीच हाडांची ओळख असे. बांबूच्या चिरून तासलेल्या कामट्या, कापूस, आंबेहळदीचा लेप आणि सुती फडके, एवढे सामान. आंध्रातल्या पुत्तूरच्या राजू घराण्याकडे अजूनही लांबून लोक हाडे बांधून घ्यायला जातात. तिथेही मुख्य आधार बांबूच्या कामट्यांचाच असतो. बांबू यासाठी निवडला गेला त्याला कारण आहे. तो हव्या त्या जाडीला चिरता येतो, लांबीच्या बाजूने ताठ असतो आणि रुंदीच्या बाजूने अवयवाच्या गोलाईला थोडा वळतो. बोटासाठी दोन कामट्या पुरतात, एक तळव्याच्या बाजूने, एक पाठीवर.

या विद्येचा एक काळा कोपराही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आवळून बांधलेल्या कामट्यांखाली रक्त तुटून हात काळा पडलेले, शेवटी कापावा लागलेले रुग्ण भारतात आणि आफ्रिकेत डॉक्टरांनी इतके पाहिले आहेत की वैद्यकीय लिखाणात त्या प्रकाराला हाडवैद्यांचेच नाव मिळाले. पण पदवीधरांनीही यात मागे राहू नये अशीच जणू व्यवस्था होती. जर्मनीतल्या हाले शहरातले नामांकित शल्यविशारद रिशार्ड फॉन फोल्कमान यांनी 1881 साली लिहिले की फार घट्ट पट्ट्यांखाली स्नायूंना रक्त पोचत नाही, ते मरतात, आखडतात आणि बोटे कायमची वाकडी होतात. त्या विकृतीला आजही त्यांचे नाव आहे. (हेच गृहस्थ टोपणनावाने मुलांसाठी परीकथा लिहीत आणि त्या जर्मनीत खूप वाचल्या जात.) सुश्रुताने घट्ट बंधाविषयी जे बजावले होते, ते युरोपच्या रुग्णालयांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने शिकावे लागले.

ब्रिटनमध्ये हाडवैद्य आणि डॉक्टर यांच्यातला सांधा एका घराण्याने जुळवला. वेल्समधल्या अँगलसी बेटावरचे थॉमस कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या हाडे बसवणारे. इव्हान थॉमस लिव्हरपूलला येऊन हेच काम करू लागले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना कोर्टात खेचले. त्यांनी यावर उत्तर काढले ते असे की पाचही मुलांना वैद्यकीय शिक्षण दिले. त्यांतला ह्यू ओवेन थॉमस याने आपल्या दवाखान्याशेजारी लोहार आणि चामड्याचे काम करणारा कारागीर असे दोघे कामाला ठेवले होते. रुग्णाचे माप घ्यायचे आणि स्प्लिंट तिथल्या तिथे घडवायची. मांडीसाठीची त्याची लोखंडी कड्याची स्प्लिंट पुढे पहिल्या महायुद्धात भाच्याने, रॉबर्ट जोन्सने, आघाडीवर नेली आणि मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांच्या मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

बोटाला मात्र लोखंड जड आणि प्लास्टर जाड. डच लष्करी डॉक्टर आंटोनियस मातेइसन याने 1852 साली कोरडी जिप्समची पूड चोळलेल्या सुती पट्ट्या पाण्यात भिजवून गुंडाळण्याची युक्ती प्रसिद्ध केली आणि हाडांच्या उपचाराचे रूप पालटले. पण एका बोटासाठी अख्खा हात मनगटापर्यंत पांढऱ्या दगडात घालणे म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणेच. बोटाला हलके, पातळ आणि हव्या त्या आकारात वळणारे काहीतरी हवे होते. ते त्याच सुमारास मलायाच्या जंगलातून आले होते.

गटापर्चा हा एका झाडाचा चीक. मलाय लोक तो गरम पाण्यात मऊ करून कोयत्यांच्या मुठी घडवत. सिंगापुरात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले डॉक्टर विल्यम माँटगोमरी यांच्या ते नजरेस आले. हे आपल्या शल्यकर्मातल्या उपकरणांना उपयोगी पडेल असे त्यांना वाटले, आणि 1843 च्या सुमारास त्याचे नमुने लंडनला पोचले. गरम पाण्यात बुडवा, अंगावर बसवा, थंड होईपर्यंत धरा. घरगुती स्प्लिंट करणारा माणूस आज जे करतो ते सगळे इथे आले आहे. लवकरच स्प्लिंटपेक्षा मोठे गिऱ्हाईक त्या चिकाला मिळाले. समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांना वेष्टन म्हणून तो इतका वापरला गेला की मलायातली रानेच्या राने तोडली गेली. 1870 साली सुएझ-एडनमार्गे मुंबईच्या किनाऱ्याला लागलेली तार याच चिकात गुंडाळलेली होती. आणि रूट कॅनॉल करून घेतलेल्या प्रत्येक वाचकाच्या दातात आजही त्याचा बारीक सुळा बसलेला असण्याची दाट शक्यता आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत हात हा फारसा कोणाचा खास विषय नव्हता. जखमी हात सरळ फळीवर बांधायचा किंवा बोटे बँडेजच्या गुंडाळीभोवती मिटवायची, ही सर्रास रीत होती. हाड जुळे, पण हात ताठून जाई. सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन स्टर्लिंग बनेल यांचा हाताच्या शस्त्रक्रियेवरचा जाडजूड ग्रंथ 1944 साली आला. त्याच वर्षी अमेरिकन लष्कराने हाताच्या जखमांसाठी स्वतंत्र केंद्रे उभारण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. बनेल यांच्या स्प्लिंटांपैकी एक तारेची आहे. तिचा घाट सेफ्टी पिनचा, आणि वाकलेले मधले पेर ती हळूहळू सरळ ढकलत राहते. इंग्लंडमध्ये एक्झीटरच्या नॉर्मन केपनर यांनी तारेला गुंडाळीची स्प्रिंग देऊन तेच काम आणखी हलके केले. बोटाची स्प्लिंट आता नुसती धरून ठेवणारी राहिली नाही, ती ओढू-ढकलू लागली.

कोनाचा प्रश्न त्यानंतर सुटला. एडिनबर्गचे प्राध्यापक जे. आय. पी. जेम्स यांनी 1960 नंतर आग्रहाने सांगितले की हात बांधून ठेवायचाच असेल तर मुठीजवळचे सांधे वाकलेले आणि बोटांची पेरे सरळ ठेवा. कारण मुठीजवळच्या सांध्यांच्या बाजूचे बंध सांधा वाकलेला असताना ताणलेले असतात, सरळ असताना सैल. सैल स्थितीत महिनाभर ठेवले तर ते आखूडतात आणि मूठ वळत नाही. फळीवर सरळ बांधलेला हात दिसायला नीटनेटका असतो. निकामी होतो तोही नेमका त्या सरळपणामुळेच.

युद्धकाळातली आणखी एक स्प्लिंट इथे सांगायलाच हवी, जरी ती पायाची आहे. लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स आणि रे ईम्स हे जोडपे आपल्या भाड्याच्या घरात प्लायवूड वाकवण्याचे यंत्र बनवत होते. लाकडी खुर्ची हे त्यांचे स्वप्न. अमेरिकन नौदलाला धातूच्या स्प्लिंटांची अडचण होती. जखमीला उचलून नेताना त्या हादरे वाढवत. ईम्स दांपत्याने प्लायवूडची स्प्लिंट केली, तिचा साचा चार्ल्सने स्वतःच्या पायावरून घेतला, आणि युद्ध संपेपर्यंत तिच्या सुमारे दीड लाख प्रती निघाल्या. म्हणजे हजारो सैनिकांनी चार्ल्स ईम्सच्या पायाचे माप वापरले. पायाला ते चालून गेले. बोटाला चालत नाही: तिथे दोन मिलिमीटरच्या फरकाने पट्टी एकतर गळून पडते, नाहीतर सांध्याच्या पाठीवर घाव करते.

भारतात बोटाच्या स्प्लिंटची सर्वांत कठीण परीक्षा कुष्ठरोगात झाली. पॉल ब्रँड यांचा जन्म 1914 साली तमिळ मुलखातल्या कोल्ली टेकड्यांत, मिशनरी आईबापांच्या पोटी. डॉक्टर होण्याआधी त्यांनी काही वर्षे सुतारकाम आणि गवंडीकाम शिकण्यात घालवली होती. 1946 साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि लवकरच कुष्ठरुग्णांच्या बोटे आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागले. शस्त्रक्रियेआधी वर्षानुवर्षे मिटलेली बोटे सरळ करणे भाग होते. त्यासाठी ब्रँड एकेका बोटाला प्लास्टरची पातळ नळी चढवत. बोट ओढायचे नाही, आज जितके सहज सरळ होते तितक्यावरच प्लास्टर घालायचे. दोन-चार दिवसांनी ते काढून पुन्हा, थोडे अधिक सरळ. कातडी आणि बंध ताणले जात नाहीत, ते वाढतात, असे त्यांचे म्हणणे.

नेहमीच्या रुग्णाला स्प्लिंट टोचली तर तो ओरडतो, निदान रात्री ती काढून फेकतो. कुष्ठरुग्णाला टोचलेले कळतच नाही. सकाळी पट्टी काढावी तर खाली हाडापर्यंत जखम. वेदना सांगणारे कोणी नसताना माप अचूक घ्यायचे, ही कसोटी वेल्लोरच्या कार्यशाळेपुढे होती. पुढे ब्रँड 1966 साली अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि प्लास्टरच्या नळीची ही रीत तिथल्या हस्तचिकित्सकांनी शिकून जगभर नेली. एरवी पश्चिमेकडून इकडे येणाऱ्या विद्येचा प्रवास इथे उलटा झाला. महाराष्ट्रात याच काळात पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि मग मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांचे हात आणि चेहरे दुरुस्त करण्याचे काम उभे केले.

पण शस्त्रक्रियेनंतर रोज बसून हाताची स्प्लिंट करणारी, ती बदलणारी, रुग्णाला पुन्हा पोळी लाटायला आणि बटण लावायला शिकवणारी माणसे कुठून आणायची? त्याची सोय मुंबईत एका अमेरिकन सूनबाईंनी केली. न्यू जर्सीत वाढलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून 1930 साली भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. पुढे त्यांनी फिलाडेल्फियाला जाऊन ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण घेतले आणि 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्या विषयाची शाळा काढली. आशियातली ती पहिली. 1952 साली त्यांनी अखिल भारतीय संघटना स्थापन केली, आणि त्याच वर्षी जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. मुंबईत त्या वर्षांत पोलिओने लुळी झालेली मुले होती, गिरण्यांत आणि छापखान्यांत बोटे गमावलेले कामगार होते. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेमुळे हे नाव मराठी घरांत माहीत आहे. रुग्णालयांच्या कार्यशाळांतला त्यांचा वाटा मात्र फारसा कोणी सांगत नाही.

1960 नंतर सामान झपाट्याने बदलले. इंग्लंडचे हाताचे सर्जन ग्रॅहॅम स्टॅक यांनी लोंबत्या टोकासाठी प्लास्टिकची टोपी तयार केली: टोक आत, मागून फीत. जगभरच्या औषधांच्या दुकानांत आज तिचेच वंशज दिसतात. त्याच सुमारास कमी उष्णतेला मऊ होणारे प्लास्टिकचे पत्रे आले. त्यांतला ऑर्थोप्लास्ट रसायनशास्त्राच्या दृष्टीने गटापर्चाचाच कृत्रिम भाऊ होता. रेणूंची साखळी तीच, फक्त झाडाऐवजी कारखान्यातून आलेली. त्यानंतरचे पत्रे पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे. ते साठ अंशांच्या आसपास मऊ होते, म्हणजे फडक्यावर पाणी टिपून घेतल्यावर अंगाला सोसते. याचेच दाणे हौशी कारागिरांसाठी सुटे मिळू लागले आणि स्प्लिंट रुग्णालयातून परत स्वयंपाकघरात आली. दाणे गरम पाण्यात टाकले की शिजलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक होतात. मग गोळा करावा, पातळ थापावा, बोटावर बसवावा. गार होताना पुन्हा पांढरा पडतो. चुकले तर परत पाण्यात.

जिथे हे पत्रे परवडत नाहीत तिथल्या कार्यशाळांनी नळाचे पीव्हीसी पाइप उभे चिरून, गरम करून वापरले. स्वस्त आणि टिकाऊ काम होते. मात्र पाइप थेट ज्योतीवर धरला तर त्यातून घशाला जाळणारा वायू निघतो, आणि तापलेला तुकडा उघड्या कातडीवर बसवता येत नाही. दुसऱ्या टोकाला, संधिवाताने उलट्या वाकणाऱ्या बोटांसाठी अमेरिकेत 1980 नंतर चांदीच्या स्प्लिंट निघाल्या: दोन कडी तिरकी जोडलेली, इंग्रजी आठाच्या आकड्याची अंगठीच. जोडवी आणि वेढणी घडवणाऱ्या आपल्या सोनाराला त्यात अवघड असे काही नाही, फक्त माप देणारा जाणकार हवा.

घरी पट्टी करायला हरकत नाही. ती फक्त दुखऱ्या सांध्यापुरती असावी, बाकीचे सांधे हलते राहावेत, कडा मऊ असाव्यात आणि अंगठी सूज येण्याआधी काढलेली असावी. नख निळसर किंवा पांढरे पडले, बोट बधिर झाले, तर पट्टी त्या क्षणी सैल करावी. आणि मूठ मिटताना बोट शेजारच्यावर आडवे जात असेल, जखम उघडी असेल किंवा टोक स्वतःहून उचलता येत नसेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्यावा. मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग असतो. तिथे जाऊन आपल्या बोटाच्या मापाची स्प्लिंट करून मागावी.